चहाच्या वेळचा खाऊ बदलायचा प्रकल्प: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या युनिटच्या नोंदी

8 सप्टेंबर 2025

गणपती गेले, मिरवणूक काल दुपारपर्यंत चालली होती त्यामुळं आज निम्मे लोक डोळे चोळतच पंचिंगला उभे, आणि आजच मालकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. गेल्या महिन्यात युनिटची वार्षिक मेडिकल तपासणी झाली त्यात शुगरवाले बरेच निघाले, काहींना आधीपासून माहीत होतं काहींना तिथंच कळलं, म्हणून 11च्या आणि साडेचारच्या चहाबरोबर जे काय येतं ते बदला म्हणाले. स्टोअर तुमच्याकडं, खरेदी तुमच्या हातात, आणि शुगरपण तुम्हाला आहेच की, तुम्हीच बघा मॅडम. शेवटचं कारण त्यांनी हळू आवाजात सांगितलं तरी अख्ख्या ऑफिसनं ऐकलं.

अट एवढीच की सध्या जेवढा खर्च होतो त्याच्यावर जायचं नाही आणि पँट्रीतल्या अक्काचं काम डबल करायचं नाही. ज्यांना शुगर नाही त्यांनी बोंब मारता कामा नये हे कुणी बोललं नाही पण ते धरूनच चालायचं.

आत्ता काय येतं ते लिहून ठेवते म्हणजे नंतर वाद नको. मशीनचा चहा, मारी बिस्किटं, खारी, टोस्ट, शनिवारी चुरमुरे-फरसाण, आणि पगाराच्या दिवशी खानापूर रोडवरच्या गाड्याची मिरची भजी (भज्यांना मी हात लावणार नाही, मला इथं नोकरी करायची आहे). स्टोअरमधून चहाच्या प्रीमिक्सचं पाकीट काढून मागची बाजू वाचली. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखर. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणजे त्या पाकिटात सगळ्यात जास्त काय आहे तर साखर, चहा पावडर बिचारी कुठंतरी मागं. दिवसाला चार कप पिणारे आमच्यात ढिगानं आहेत आणि तेच लोक घरी "मी गोड सोडलंय" म्हणून सांगतात. मारीच्या पुड्यावर 100 ग्रॅमला 75च्या आसपास कार्बोहायड्रेट. चवीला कमी गोड लागतं म्हणून आजाऱ्याचं बिस्किट असं आपल्याकडं पडलंय, पण मैदा तो मैदाच.

11 सप्टेंबर

संध्याकाळी माझ्या डॉक्टरांकडं तशीही अपॉइंटमेंट होती तर हाच विषय काढला. मला वाटलं ते खायच्या वस्तूंची यादी देतील, तर त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडचे शुगरवाले गोळ्या कुठल्या घेतात? आता हे मला काय माहीत, पण मुद्दा पटला. मी फक्त मेटफॉर्मिन घेते. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर एकदम खाली जायची शक्यता फार कमी, त्यामुळं नाश्ता आणि जेवण वेळेवर होत असेल तर मला 11 वाजता काही खायची गरजच नाही, भूक असेल तर खा नसेल तर सोडा. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी जो घेतो तिचं काम वेगळं, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लंय का नाही ते गोळी विचारत बसत नाही. सकाळी सहाला गोळी घेऊन पहिल्या शिफ्टला आलेला माणूस जेवण लांबलं की खाली येतो. इन्शुलिन घेणाऱ्यांचंपण तसंच.

म्हणजे "शुगरवाल्यांचा खाऊ" असा एकच डबा करून भागायचं नाही. मी तर बरीच वर्षं शुगर झाली म्हणजे दर दोन तासांनी थोडंथोडं खायचं हेच ऐकत आले होते, माझ्या सासूबाई अजून तेच सांगतात आणि पर्समध्ये बिस्किटाचा पुडा टाकतात.

लेथ सेक्शनच्या मामांना विचारलं, ते म्हणाले गोळीचं नाव बिव काय म्हाईत नाही गा, पिवळं पाकीट हाय. उद्या फोटो आणा म्हणलं.

17 सप्टेंबर

फोटो आला, मामांची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्रवाली.

आजपासून मोजायला सुरुवात. ग्लुकोमीटर माझा, स्ट्रिपांचे पैसे मालकांनी मंजूर केले (हे मी लेखी घेतलंय). पद्धत सोपी, खायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी परत, मध्ये दुसरं काही खायचं नाही, चहा बिनसाखरेचा. सामान्यपणे खाल्ल्यावर शुगर 180च्या (mg/dL) खाली राहावी असं टार्गेट देतात, माझ्या डॉक्टरांनीपण तेच दिलंय.

मीटरबद्दल एक गोष्ट क्वालिटीच्या पोरानं लगेच धरली, म्हणाला मॅडम ह्याची अॅक्युरसी किती? तर घरगुती मीटरला नियमातच 15 टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं चालतं, म्हणजे 150 आणि 165 यात मी फरक मानणार नाही. तो हसायला लागला, आम्ही इथं मायक्रॉनवर जॉब रिजेक्ट करतो म्हणाला. पण 150 आणि 200 यात फरक आहे की, आणि मला तेवढंच बघायचंय.

पहिला नंबर शनिवारच्या चुरमुऱ्यांचा लावला. कांदा, टोमॅटो, शेव, लिंबू घालून एक मोठी प्लेट, आमच्याकडं जशी देतात तशीच. आधी 128, दोन तासांनी 203. हलकं लागतं, पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणून आणखी खाल्लं जातं, पण फुगवलेला तांदूळ तो, पोटात गेल्याबरोबर साखर होतो.

19 सप्टेंबर

शेंगदाणे आणि फुटाणे. आपल्या भागात शेंगा काय आणायला लागत नाहीत, मार्केट यार्डातून भाजलेल्या पोत्यानं येतात. स्टोअरच्या वजनकाट्यावर ज्याच्यावर मी नट-बोल्ट मोजते त्याच्यावर कागद टाकून मोजलं, चहाचा छोटा कागदी कप पाऊण भरला की 30 ग्रॅम शेंगदाणे होतात. 30 ग्रॅममध्ये साधारण 170 कॅलरी आणि 7 ग्रॅमच्या वर प्रोटीन. शुगरला चांगले म्हणून टपरीवर गप्पा मारत पुडीच्या पुडी संपवणारे आहेत त्यांचं वजन वाढणारच, म्हणून कप ठरवला. निम्मे शेंगदाणे निम्मे फुटाणे असं मिक्स, फुटाणे सालासकट.

आधी 131, नंतर 149. भूकही थेट दीडच्या जेवणापर्यंत लागली नाही. खारे नकोत साधे भाजलेलेच, कारण शुगरवाल्यांतले निम्मे बीपीवालेपण आहेत.

23 सप्टेंबर

काल घट बसले. युनिटमध्ये नऊ दिवसांचे उपवासवाले बरेच, त्यात शुगरवालेपण आहेत आणि त्यांना कोण सांगणार. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्याच्यावर शेंगदाण्याचं कूट कितीही टाका. पण रताळ्याचं मला बघायचं होतं, एक तर बेळगाव तालुक्यात आणि खाली खानापूर-चंदगड भागात रताळी एवढी पिकतात की ह्या दिवसांत एपीएमसीत ढीग लागलेले असतात, आणि दुसरं म्हणजे रताळं चांगलं का वाईट यावर ऑफिसात रोज भांडण.

तर उत्तर असं की कसं शिजवलं त्यावर आहे. सालासकट उकडलेलं एक मध्यम रताळं खाल्लं तर माझं 126 वरून 168. तेवढंच चुलीत खरपूस भाजलेलं खाल्लं दुसऱ्या दिवशी तर दोनशेच्या वर गेलं. भाजताना त्यातला स्टार्च बराचसा माल्टोज साखर होतो, म्हणून तर भाजलेलं एवढं गोड लागतं. आता एकदा मोजून काय सिद्ध होत नाही मला मान्य, पण उकडलेलं आणि अर्धं, सोबत दही, इथपर्यंत मी उपवासवाल्यांना सांगितलं. मशीन शॉपच्या काकू म्हणाल्या दही चालतंय उपासाला, गोड कशाला पायजे. त्या तयार आहेत.

नाचणीचं आंबील पण याच आठवड्यात बघितलं कारण सगळ्यांचा त्याच्यावर फार भरोसा. नाचणी चांगलीच, कॅल्शियम वगैरे भरपूर, पण बारीक पीठ करून पातळ शिजवलं की गटागट प्यायलं जातं आणि लवकर पचतं, मला 190च्या पुढं गेलं. नाचणीची भाकरी आणि नाचणीचं आंबील एकच समजायचं नाही. उन्हाळ्यात ताकातलं प्यावं, कपभर. रोजचा खाऊ म्हणून यादीतून बाद.

1 ऑक्टोबर

खंडेनवमी. सगळी मशीनं धुऊनपुसून, झेंडू, ऊस, कोहळा, व्हीएमसी मशीनला हळदकुंकू. दरवर्षी पूजा झाली की पेढे आणि चुरमुरे वाटतात. यंदा अक्काला म्हटलं कोसंबरी करूया, ती एकदम खूश, तिच्या गावी पूजेला असतेच. भिजवलेली मूगडाळ, काकडी किसून, गाजर, खोबरं, वरनं मोहरी-हिंगाची फोडणी, लिंबू. कच्ची डाळच असते, शिजवायची भानगड नाही, दोन तास भिजवली की झालं. मोठं पातेलं भरून केली आणि पेढ्यांच्या आधी संपली. पेढेपण होतेच, ते बंद करणं माझ्या हातात नाही आणि मला करायचंही नाही, एक पेढा हातावर पडला तर माणूस खाणारच.

दुपारी मामा म्हणाले आज जरा बघा माझी किती हाय. टोचलं तर 287. माणूस घाबराघुबरा. मी त्यांच्या बोटाकडं बघितलं तर बोटाला पेढ्याचा तुपकट थर तसाच, पेढे वाटायची ड्यूटी त्यांच्याकडंच होती. साबणानं हात धुवायला लावले, नीट कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं, 176. रक्ताचा थेंब केवढासा, बोटावरची साखर त्यात मिसळली की मीटर तीच मोजतं. फळं कापून, गुळाला हात लावून मोजलं तरी असंच होणार. आमच्याकडं तर कूलंट आणि ग्रीसचे हात, नुसते चिंधीला पुसून भागत नाही. स्टोअरच्या बेसिनवर साबण ठेवून वर पाटी लावली, मराठीत आणि कानडीत.

9 ऑक्टोबर

ज्याची भीती होती ते झालं. साडेअकराला लेथवर मामांचा हात थरथरायला लागला, व्हर्निअर जॉबला लागेना, बाजूच्या पोरानं बघितलं तर कपाळावरनं घाम, शर्ट भिजलेला, आणि विचारलं तर चिडून बोलायले. पोरगं हुशार, आधी मशीन बंद केलं मग मला हाक मारली. मीटरवर 61. 70च्या खाली म्हणजे लो.

झालं असं की मामांनी सकाळी गोळी घेतली, भाकरी अर्धीच खाल्ली कारण बस चुकत होती, आणि 11च्या चहाला माझा नवीन खाऊ म्हणजे शेंगदाणे-फुटाणे खाल्ले. पोरगं आणखी शेंगदाणे घेऊन धावत आलं, त्याला थांबवलं. अशा वेळी शेंगदाणे कामाचे नाहीत, त्यातलं तेल पचन लांबवतं, साखर रक्तात यायला उशीर. चॉकलेटचंपण तसंच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, साधारण 15 ग्रॅम, 15 मिनिटं खुर्चीत बसवून परत मोजलं तर 94. मग अर्धी भाकरी आणि उसळ खायला लावली, कारण साखर चढते तशी उतरते आणि गोळीचा असर अजून शिल्लक असतो. माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल तरच तोंडानं द्यायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

लेथच्या फिरत्या चकसमोर उभा असलेला माणूस होता तो. रात्री झोप लागली नाही नीट.

आजच्या आज दोन गोष्टी केल्या. फर्स्ट एड बॉक्समध्ये ग्लुकोज पावडरची पाकिटं आणि वर लाल अक्षरात "फक्त शुगर लो झाल्यावर", दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरला कसं द्यायचं ते दाखवलं. आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनवाल्यांची यादी, ज्यांनी स्वतःहून नाव दिलं त्यांचीच. त्यांना 11ला नुसते दाणे द्यायचे नाहीत, अर्धी ज्वारीची भाकरी आणि उसळ किंवा एक छोटं केळं आणि दाणे. मामांना म्हटलं हे मीटरचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरना दाखवा, गोळी आपल्या मनानं कमी करू नका. होय की, म्हणाले. बघू.

16 ऑक्टोबर

अक्काचं वेळापत्रक बसलं एकदाचं. मटकी संध्याकाळी जाताना भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची, तिसऱ्या दिवशी मोड. ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात येतात, थंडीत लागतील दोन. कुकरला एकच शिट्टी, नाहीतर लगदा होतो आणि कुणी खात नाही. वरनं कांदा, कोथिंबीर, कारळाची चटणी. ती कानडीत मडकी काळ म्हणते, मी मटकी, पातेलं एकच.

चहाचं मशीन मात्र अजून वांद्यात होतं. बिनसाखरेचं प्रीमिक्स मिळतं पण महाग आणि बाकीच्यांनी बोंब मारली असती. शेवटी अक्काच म्हणाली मशीन कशाला, मी गॅसवर करते, साखर वेगळी ठेवू, ज्याला पाहिजे त्यानं घाला. मला वाटलं होतं सगळे दोन-दोन चमचे घालून घेणार. पण चमचा स्वतःच्या हातात आला की बरेच लोक एकावर थांबायले, ज्यांना शुगर नाही तेपण. तिच्याकडं आता रोज "अक्का, सक्री हाकब्याड" (साखर घालू नको) ऐकू येतंय. मला विचाराल तर सगळ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त फरक ह्याच एका गोष्टीनं पडला असणार, आणि ही कल्पना माझी नाही.

27 ऑक्टोबर

दिवाळी संपली, सप्लायरांचे बॉक्स उरले. कुंदा, करदंट (गूळ-सुकामेव्याची वडी), सोनपापडी. त्यातच एकानं "शुगर फ्री करदंट, डायबेटिससाठी खास" असा बॉक्स दिला, मालकांनी तो कौतुकानं माझ्या टेबलावर ठेवला. मागं वाचलं, साखर नाही गूळ नाही हे खरं, पण पहिला घटक खजूर. खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, ती कारखान्यात न होता झाडावर झाली एवढंच. एक तुकडा खाल्ला, चांगला होता. पण "खास" म्हणून चार खाणाऱ्याला तो साध्या करदंटाएवढाच महागात पडणार. गुळाचंपण लोक असंच धरून बसलेत, गूळ चालतो म्हणतात. नाही चालत, शुगरच्या हिशोबात गूळ आणि साखर शेजारीशेजारीच बसतात.

डायजेस्टिव्ह आणि शुगर फ्री बिस्किटांचे नमुनेही सेल्समननं आणून दिले होते. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. साखर कमी, पण पीठ आणि पाम तेल तेवढंच, आणि दर मारीच्या दुप्पट. नको.

14 नोव्हेंबर

जागतिक मधुमेह दिन, इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा जन्मदिवस. एचआरनं गेटवर पोस्टर लावलं. भारतात 10 कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे असा 2023 साली आयसीएमआरच्या अभ्यासाचा आकडा आला होता तो टाकलाय, बरोबर आहे. कार्यक्रमाला पाहुण्यांना चहाबरोबर काय द्यायचं विचारलं तर एचआर म्हणाले क्रीमची बिस्किटं सांगितलीत. मी गप्प अक्काकडं गेले आणि पेरू कापून घेतले, आत्ता सीझन आहे, कडक अर्धपिके, बियांसकट, तिखट वर आणि मीठ अगदी नावाला. पाहुण्यांनी तेच खाल्ले.

दुसऱ्या शिफ्टचं मात्र अजून नीट बसत नाही. त्यांचा ब्रेक सातला, अक्का सहाला जाते, उसळ तोवर गार आणि आंबूस. बाहेर गिरमिट (चुरमुऱ्यांचाच प्रकार) आणि भजीचा गाडा सुरू असतो, वास थेट गेटपर्यंत. त्यांच्यासाठी दाणे-फुटाण्याचे कप झाकून ठेवायचे आणि ताक, एवढंच सध्या. अंडी उकडून ठेवावीत असं निम्म्यांचं म्हणणं, बाकीच्या निम्म्यांना त्याच पँट्रीत अंडी नकोत. मी ह्या भांडणात पडत नाही, सुपरवायझरनं मिटवावं.

4 डिसेंबर

माझं एचबीएवनसी आलं. ऑगस्टमध्ये 7.9 होतं, आता 7.2. मालक लगेच म्हणाले बघा प्रकल्प यशस्वी, नोटीस बोर्डावर लावू. लावू दिलं नाही. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी माझं मेटफॉर्मिनपण वाढवलं होतं आणि जेवल्यावर मी युनिटला एक चक्कर मारायला लागले होते, ह्यातलं काय कशामुळं ते वेगळं काढता येत नाही. एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, त्यात दिवाळीपण आली.

मामांनी शेवटी कागद दाखवला डॉक्टरना. त्यांनी ग्लिमेपिराइड बंद करून दुसरी गोळी दिलीय, जिच्यानं एकटीनं लो व्हायची भीती कमी असते. मामांची तक्रार एकच, नवीन गोळी महाग हाय. आणि आता 11ला भाकरी कंपल्सरी नाही म्हणल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ती मागितली, सवय लागली म्हणाले. नाही म्हटलं, भूक लागली असेल तर उसळ घ्या. रागावले थोडे, पण उसळ घेतली.

यादीत आता गोळीमुळं खावंच लागणारे दोघेच उरले, म्हणून भाकरीवाल्या काकूंना सोमवारपासून ऑर्डर कमी सांगितली. डिसेंबरची खरेदी: शेंगदाणे मागच्याएवढेच, फुटाणे थोडे जास्त, मटकी तीच, मूगडाळ वाढवून, साखर निम्मी. ग्लुकोज पावडरची एक्स्पायरी मार्चची आहे, फेब्रुवारीत बदलायची. बिस्किटवाल्या सेल्समनला सांगून टाकलं की आता महिन्यातनं एकदाच या.